डोंगरकड्याच्या कॅलेंडरवरच्या तारखा

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आपलं डोंगरकडा तेव्हा निजामाच्याच हैदराबाद संस्थानात होतं! निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. तिरंगा फडकवणं हाच इथे गुन्हा होता.

३० जानेवारी १९४८ म्हटलं की सगळ्यांना गांधीजींची हत्या आठवते. त्याच दिवशी शेजारच्या नांदेड जिल्ह्यात स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली, लढ्यासाठी पैसा उभा केला. एवढं मोठं धाडस, पण आपल्या पोरांना ते कुणी सांगत नाही, याचं फार वाईट वाटतं.

त्याच वर्षी १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. म्हणजे आपलं स्वातंत्र्य देशापेक्षा तेरा महिने दोन दिवस उशिराचं.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला आपला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. आणि १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. महाराष्ट्र दिन हाच आपल्या जिल्ह्याचा वाढदिवस!

घरात ऐंशी-नव्वदीचे आजी-आजोबा असतील तर निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या काळातल्या आठवणी आजच मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.