फोटोतली मंडई आणि पिशवीतली मंडई

पुण्याच्या महात्मा फुले मंडईचा फोटो सहसा वाईट येत नाही. काळ्या दगडाचा मनोरा, त्याच्या पायथ्याशी टोमॅटोचे ढीग, मेथीच्या जुड्या रचणारे हात, वरून उतरलेला उन्हाचा एक पट्टा. कॅमेरा कुठेही धरा, चौकट भरून जाते. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिथे गळ्यात कॅमेरे अडकवलेली तरुण मुलेमुली हमखास दिसतात. लग्नाआधीची छायाचित्रे काढून घेणारी जोडपीही दिसतात. मला त्यात काही वावगे वाटत नाही. सुंदर गोष्टीकडे माणसाने पाहावेच.

याच मंडळींच्या मोबाइलमध्ये जपानमधल्या जुन्या गल्ल्याही असतात. क्योटोचा निशिकी बाजार, ताकायामाची लाकडी दुकानांची रांग, दारावरचे कंदील. आमच्या कोथरूडमध्ये जपानला जाऊन आलेल्यांची आता वाण नाही. ते फोटो दाखवतात आणि शेवटी एक वाक्य ठरलेले असते : 'बघा, त्यांनी कसं जपलंय. नाहीतर आपण!' या वाक्यात तथ्य आहेच. पण जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्न त्यात सुटून जातो. आज थोडे त्याविषयी बोलू.

आधी या सौंदर्याचा हिशेब मांडून पाहू. 'पेठ' या शब्दाचा अर्थच बाजार. म्हणजे रविवार, सोमवार, बुधवार अशी नावे मिरवणारे जुने पुणे हे बाजारांचेच शहर आहे. पेठेच्या पोटात पुन्हा आळ्या. तांबट आळीत तांब्याची भांडी घडायची आणि त्यांवर मठारकाम व्हायचे, बुरूड आळीत सुपे-टोपल्या विणल्या जायच्या, कुंभारवाड्यात मडकी. एका धंद्याची माणसे शेजारी-शेजारी राहिली, की कच्चा माल एकत्र आणता येतो, अडीनडीला हत्यार उसने मिळते आणि गिऱ्हाइकालाही दहा दुकाने एका फेरीत पाहता येतात. त्यातून सारख्या रुंदीची दुकाने झाली, सारखे ओटे झाले, खाली दुकान आणि वर किंवा मागे बिऱ्हाड अशी घरे झाली. रस्ता चालणाऱ्या माणसांपुरता आणि एखाद्या गाडीपुरता, म्हणून तो अरुंद आणि सावलीचा. आपली नजर अशा गल्लीत रमते, कारण तिला तिथे ताल सापडतो. कवितेत छंदाचे कामही असेच चालते. ठरलेल्या मात्रा पुन्हा पुन्हा येतात आणि मधेच एखादा शब्द वेगळा वाजतो.

क्योटोतल्या जुन्या घरांची गोष्ट फार वेगळी नाही. दर्शनी बाजू अरुंद आणि घर मात्र खोलवर लांब. समोर दुकान, मागे संसार. तिथले लोक गमतीने त्याला 'ईल माशाचे अंथरूण' म्हणतात. निशिकी बाजार आहे तिथेच का वसला, याचे कारण तर जमिनीखाली आहे. तिथे थंडगार भूजल होते. बर्फ नसलेल्या काळात त्या पाण्यावर मासळी ताजी राहत असे, म्हणून मासळीवाले तिथे जमले. इकडे काय आणि तिकडे काय, फोटो चांगला यावा म्हणून कोणी गल्ली बांधली नव्हती. कामाच्या सोयीतून ती घडत गेली आणि देखणी झाली.

आपली मंडईही अशीच गरजेतून आली. पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भाजीबाजार भरत असे. नगरपालिकेने त्यासाठी नवी इमारत बांधली. वॉल्टर ड्यूकॅट यांनी तिचा आराखडा केला, वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधकाम केले आणि ५ ऑक्टोबर १८८६ रोजी ती खुली झाली. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला रे मार्केट म्हणत. मधोमध सुमारे ऐंशी फुटी अष्टकोनी मनोरा आणि त्याच्याभोवती फाकलेल्या लांबलचक पडव्या. आज आपण तिला गॉथिक वास्तुशैलीचा नमुना म्हणतो. पण उंच छपराखाली क्षणभर उभे राहिलात, तर त्या उंचीचा उपयोग अंगालाच कळतो. तापलेली हवा वर जाते, उजेड आत येतो आणि पालेभाजीवर थेट ऊन पडत नाही.

या इमारतीवरच्या खर्चाला एका माणसाचा विरोध होता. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईवर एवढा पैसा ओतण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. फुले माळी कुटुंबातले. भाजी कशी पिकते आणि पिकवणाऱ्याच्या हाती काय उरते, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच जाणिवेतून. इमारत व्हायची ती झाली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. मुंबईत १८६९ साली उभ्या राहिलेल्या क्रॉफर्ड मार्केटलाही आज त्यांचेच नाव आहे. ज्यांनी विरोध केला त्यांचेच नाव दिले, हा किस्सा पुण्यात चवीने सांगितला जातो. मला मात्र ते नाव योग्य वाटते. त्यामुळे इमारतीच्या दारावर एक प्रश्न कायमचा लिहिला गेला : हा खर्च कोणासाठी? जुने जपायला निघालेल्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा.

आता जपानकडे पाहू. जुन्या नाकासेंदो मार्गावर त्सुमागो नावाचे मुक्कामाचे गाव आहे. वाहतूक दुसरीकडे वळली तसे ते ओस पडू लागले. १९७१ साली गावकऱ्यांनी आपसात तीन गोष्टी ठरवल्या : घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. पुढे १९७५ मध्ये जपानने कायद्यात दुरुस्ती केली. त्यामुळे एकेकट्या वास्तूऐवजी घरांच्या सबंध समूहाला संरक्षण देता येऊ लागले आणि दुरुस्तीसाठी सरकारी मदतही मिळू लागली. ताकायामाचा जुना व्यापारी भाग १९७९ साली या यादीत आला. हे शिकण्यासारखे आहे. विशेषतः पहिला शब्द गावकऱ्यांनी दिला आणि कायदा नंतर आला, हा क्रम.

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. निशिकी बाजाराला 'क्योटोचे स्वयंपाकघर' म्हणतात. पर्यटक वाढले तसे तिथे घरी नेऊन शिजवायच्या मालाबरोबर काडीला टोचून उभ्या-उभ्या खायचे पदार्थ वाढत गेले. चालता-चालता खाऊ नका, अशा पाट्या लावाव्या लागल्या. जवळच्या गिओन भागात तर २०२४ मध्ये रहिवाशांनी आपल्या खासगी बोळांत पर्यटकांना मज्जाव केला आणि मोडणाऱ्याला दहा हजार येन दंड ठेवला. भिंती वाचल्या, गिऱ्हाईक मात्र बदलत गेले.

गिऱ्हाईक बदलले तर काय होते, हे मला घरातून ठाऊक आहे. मी बागवानांच्या घरातला. माझे आजोबा साताऱ्याकडे फळांची पाटी घेऊन बाजारात बसत. पुढे मी मराठी घेऊन बी. ए. झालो आणि कवितेच्या नादी लागलो, पण घरातले बोलणे बाजारभावाचेच होते. आजोबांचे एक गणित मला अजून आठवते : किती विकले जाईल यापेक्षा किती उरेल, ते आधी मोजायचे.

हेच गणित मंडईतल्या गाळ्यावर चालते. विक्रेता पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल आणतो. पालेभाजी सकाळी टवटवीत, दुपारी मलूल आणि रात्री कवडीमोल. म्हणून जे खपेल तेवढेच आणायचे. मेथी, पालक, कोथिंबीर कशीही खपते. चाकवत, अंबाडी, करडई, घोळ यांचे तसे नाही. समजा, आपली आठ घरे ठरलेली आहेत या भरवशावर त्याने अंबाडीच्या दहा जुड्या आणल्या. त्यातली पाच घरे यायची थांबली, तर दोन दिवस तो तोटा सोसेल आणि तिसऱ्या दिवशी अंबाडी आणणार नाही. मग शेतकरीही ती लावणार नाही. फोटो काढणारा पाहुणा अंबाडीची जुडी घेऊन हॉटेलवर थोडाच जाणार! म्हणजे ज्या रंगीत विविधतेचा आपण फोटो काढतो, ती दर आठवड्याला येणाऱ्या पिशवीवर उभी आहे.

जुन्या बाजारातले खाणेही असेच कामातून आलेले असते. हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, ती ओझे वाहणाऱ्या माणसाला परवडेल अशा दरात पोटभर जेवण मिळावे म्हणून. त्या भाकरीची चव भुकेल्या माणसाच्या सोयीने ठरली होती.

मला स्वतःला याहून एका गोष्टीची जास्त काळजी वाटते. आमची अम्मी घरात दख्खनी बोलायची, पण भाजीवाल्या मावशींशी तिची मराठी चोख असे. 'कोवळी भेंडी द्या, ही निबर झालीय', 'गवार जून आहे', 'हा वाटा कितीला?' निबर, जून, लुसलुशीत, वाटा, जुडी, पाटी हे शब्द मी शाळेच्या आधी बाजारात ऐकले. प्लास्टिकच्या पाकिटावर वजन असते, किंमत असते, 'निबर' नसते. ज्या दिवशी घोळ विकायला यायची थांबेल, त्या दिवसापासून तो शब्दही हळूहळू कोशात जाऊन बसेल. कवीला ही हानी भाजीवाल्याच्या तोट्याएवढीच खरी आहे.

आम्हा कोथरूडकरांना पंधरा मिनिटांत दारात भाजी मिळते. पावसात, आजारपणात ती मोठीच सोय आहे. आपल्या भागात शेतकऱ्यांचा आठवडे बाजारही भरतो, तोही चांगलाच. पण 'मंडईत गाडी कुठे लावायची?' हे आपले जुने कारण आता चालणार नाही. ६ मार्च २०२२ रोजी वनाजहून मेट्रो सुरू झाली आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी मंडईचे भुयारी स्थानकही खुले झाले. जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर गाडी बदलायची, की थेट मंडईपाशी वर येतो. या जिन्यावरून कॅमेरे येतील तशा पिशव्याही याव्यात. मंडईच्या डागडुजीचा, सुशोभीकरणाचा विषय जेव्हा जेव्हा निघेल, तेव्हा दिव्यांच्या रोषणाईआधी विचारायला हवे की गाळेधारकांची जागा तीच राहणार का, पाणी आणि गटार नीट होणार का, दिवसभर बसणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, हमालाला डोक्यावरचे ओझे घेऊन जायला वाट मोकळी आहे का. दारावरच्या त्या नावाचा प्रश्न हाच आहे.

एकदा एका तरुणाने तिथल्या मावशींना विचारले, 'फोटो काढू का?' त्या म्हणाल्या, 'काढ की बाबा, पण जरा बाजूला हो, गिऱ्हाईक येतंय.' त्यांचे म्हणणे सोपे आहे. फोटो जरूर काढावा, विचारून काढावा. आणि निघताना अंबाडीची एक जुडी घ्यावी. कशी करायची ते माहीत नसेल, तर त्यांनाच विचारावे, त्या सांगतात.