बुळबुळीत म्हणून नाक मुरडू नका: घरी करा तोरोरो सोबा

भेंडीची भाजी चिकट होऊ नये म्हणून आपण काय काय करतो! धुऊन, पुसून कोरडी करतो, फोडणीत आमसूल टाकतो, वरून लिंबू पिळतो. जपानी स्वयंपाकात मात्र हाच बुळबुळीतपणा आवडीने खाल्ला जातो. त्याचं एक लाडकं रूप म्हणजे तोरोरो. नागाइमो नावाचा लांबट कंद कच्चाच किसला की पांढरा, फेसाळ लगदा तयार होतो, तो तोरोरो. थंडगार सोबा नूडल्सवर घातला की उन्हाळ्यातलं उत्तम जेवण तयार.

हा प्रकार नवा नाही. चित्रकार हिरोशिगे याने 1830च्या दशकात एदो ते क्योतो या रस्त्यावरच्या मुक्कामांची चित्रं काढली. त्यात मारिको गावच्या चित्रात वाटसरू खानावळीत बसून जेवताना दिसतात आणि तिथल्या पाटीवर तोरोरोच्या सुपाची जाहिरात आहे. त्या गावात आजही बार्लीच्या भातावर तोरोरो वाढतात.

आता नूडल्सकडे वळू. सोबा म्हणजे कुट्टू. उत्तर भारतात नवरात्रात ज्याच्या पुऱ्या करतात, तेच हे पीठ. त्यात गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून नुसत्या कुट्टूची पोळी लाटताना तुटते. यावर जपानी तोडगा आहे 'नि-हाची', म्हणजे दोनास आठ. दोघांसाठी 160 ग्रॅम कुट्टूचं पीठ आणि 40 ग्रॅम मैदा घ्या. पीठ ताजंच हवं, कारण जुनं कुट्टू खवट होतं आणि बाधतंही. आपल्याकडचं पीठ बरेचदा जाडसर असतं, तेव्हा बारीक चाळणीने चाळा.

खरी परीक्षा पाण्याची. साधारण 90 ते 100 मिलिलिटर पाणी लागेल, पण ते एकदम ओतू नका. दोन-तीन वेळा थोडं थोडं शिंपडा आणि बोटांच्या टोकांनी पीठ भराभर फिरवत राहा. आधी रव्यासारखं दिसेल, मग वाटाण्याएवढे गोळे होतील. तेव्हाच एकत्र करून मळा. जपानी लोक म्हणतात, पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ हवं. वरून कोरडं पीठ भुरभुरून दोन मिलिमीटरपेक्षा थोडी पातळ पोळी लाटा, घडी घालून धारदार सुरीने बारीक कापा. पहिल्या खेपेला नूडल्स जाड-बारीक होतील, तुकडेही पडतील. चवीत काही फरक पडत नाही. एवढा खटाटोप नको असेल, तर सुक्या सोबाचं पाकीट आणा आणि त्यावर लिहिलेल्या वेळेप्रमाणे शिजवा.

ताजी सोबा शिजवायला मोठ्या पातेल्यात तीन लिटर पाणी खळखळ उकळा. मीठ घालू नका. मिनिट-दीड मिनिटात ती शिजते. लगेच गाळून गार पाण्याखाली हलक्या हाताने चोळून धुवा आणि शेवटी बर्फाच्या पाण्यात बुडवा. वरचा चिकट स्टार्च निघून गेला तरच सोबा दाताखाली टणक लागते. गाळलेलं पाणी मात्र फेकू नका.

बुडवून खायच्या रसाला त्सुयु म्हणतात. शाकाहारी करायचा असेल तर कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि सुके शिताके मशरूम रात्रभर पाण्यात भिजवा. त्या 400 मिलिलिटर पाण्यात सोया सॉस आणि मिरिन प्रत्येकी 100 मिलिलिटर घालून उकळा आणि गार करा. मिरिन ही तांदळाची गोड दारू आहे. नको असेल तर दोन चमचे साखर चालेल, चव थोडी साधी होईल इतकंच.

आता कंद, आणि इथे जरा थांबून वाचा. नागाइमो कच्चा खाल्ला जातो, पण म्हणून आपल्याकडचा कोणताही कंद तसा किसून खायचा नाही. कोनफळ, कणगर, सुरण, करांदे हे सगळे शिजवूनच खायचे. रानातले काही कंद तर कच्चे असताना विषारी असतात. जपानी किराणा दुकानात नागाइमो किंवा गोठवलेला तोरोरो मिळाला, तरच मूळ पदार्थ करा. सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला किंवा हाताला व्हिनेगर लावा. 150 ग्रॅम कंद बारीक किसून त्यात तीन-चार चमचे गार त्सुयु मिसळा.

नागाइमो नाहीच मिळाला तर? इथे भेंडी कामाला येते, आणि ही पळवाट नाही. जपानमध्येही थंड सोबावर भेंडी घालतात. सहा-सात कोवळ्या भेंड्या दोन मिनिटं उकळा, गार पाण्यात टाका आणि अगदी बारीक चिरून सुरीनेच ठेचा. चांगली तार सुटली पाहिजे.

काही जणांना कुट्टूची तीव्र ॲलर्जी असते, म्हणून घरात कुणी पहिल्यांदा खात असेल तर आधी थोडंसंच द्या. गहू वर्ज्य असलेल्यांसाठी हे जेवण नाही, कारण मैद्याशिवाय साध्या सोया सॉसमध्येही गहू असतो.

बाऊलमध्ये सोबा, त्यावर तोरोरो किंवा भेंडी, कांद्याची पात आणि आवडत असेल तर जरासं वासाबी. वरून गार त्सुयु ओता. मग खुशाल फुर्र आवाज करत ओढा. जपानमध्ये सोबा खाताना कुणी डोळे वटारत नाही, मुलांना तर ही सवलत फार आवडेल.

आणि ते बाजूला ठेवलेलं पाणी? त्याला सोबायु म्हणतात. पुन्हा गरम करून उरलेल्या त्सुयुत ओता आणि पिऊन टाका.