कंपायलर मध्येच बंद पडतो तेव्हा

संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी अनेकांच्या हाती येणारा पहिला संगणक जुना, कोणीतरी वापरलेला असतो. त्यावर एखादी मोठी सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रामना उपयोगी पडणारा तयार संकेतसंच, मूळ संहितेतून उभारावयास घेतली की मेमरी व प्रोसेसर दीर्घकाळ पूर्ण क्षमतेने राबतात. अशा वेळी संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर मध्येच बंद पडला, तर नवशिका विद्यार्थी दोष स्वतःकडे घेतो. 'हे आपल्याला जमणारे नाही' असा ग्रह येथेच होतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. संहितेत चूक असल्यास कंपायलर फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक देऊन ती दाखवतो. 'इंटर्नल कंपायलर एरर' किंवा 'सेगमेंटेशन फॉल्ट' असा संदेश आला, तर बिघाड कंपायलरच्या स्वतःच्या कामात झालेला असतो. त्याची कारणे मुख्यतः तीन.

पहिले कारण अपुरी मेमरी. संदेशात 'किल्ड' हा शब्द दिसला, तर मेमरी संपत आल्याने लिनक्सने कंपायलरला थांबवले असण्याची शक्यता मोठी असते. एका वेळी आठ फाइली चालू असतील आणि प्रत्येकीला एक जीबी लागत असेल, तर आठ जीबी तेथेच संपतात. एका वेळी एकच फाइल घ्यावी आणि डिस्कवरील स्वॅपची जागा वाढवावी. वेळ अधिक लागेल, पण काम पूर्ण होईल.

दुसरे कारण यंत्रातील दोष. काहीही न बदलता तीच आज्ञा पुन्हा द्यावी. प्रत्येक वेळी कंपायलर निराळ्या ठिकाणी बंद पडत असेल, तर संशय यंत्रावर घ्यावा. पंख्यावरील धूळ काढावी, तापमान पाहावे, मेमटेस्ट८६+ या प्रोग्रामने रात्रभर मेमरी तपासावी. नवे यंत्रही याला अपवाद नसते. २०१७ मध्ये एएमडीच्या काही रायझन प्रोसेसरांवर लिनक्समध्ये अशाच जड कामात सेगमेंटेशन फॉल्ट येत असत; कंपनीने दोष मान्य करून प्रोसेसर बदलून दिले.

तिसरे कारण कंपायलरमधील उणीव. दर वेळी त्याच फाइलच्या त्याच ओळीवर काम अडत असेल, तर कंपायलरची नवी आवृत्ती घ्यावी किंवा तेवढ्या फाइलपुरती ऑप्टिमायझेशनची पातळी कमी करावी. जीसीसीसारखे मुक्त कंपायलर घडवणारे अशा त्रुटींची नोंद स्वीकारतात. विद्यार्थ्यानेही ती अवश्य पाठवावी.

पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. आपला जुना संगणक एखाद्या मुलाला देण्यापूर्वी त्याची मेमरी एक रात्र तपासून घ्यावी. सदोष यंत्रावर शिकणाऱ्याला आपली चूक कोणती आणि यंत्राची कोणती, हे कळण्यास मार्ग उरत नाही; आणि शिकण्याचा पाया तर तोच विवेक आहे.