घरभाषा, शाळाभाषा आणि मुलाचे मौन

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे तालुके मेळघाट या नावाने ओळखले जातात. तेथील कोरकू घरातले मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत वा आश्रमशाळेत प्रथम पाऊल टाकते तेव्हा त्याच्यापाशी पाच-सहा वर्षांच्या वयास शोभेल अशी एक संपूर्ण भाषा असते. वर्गात मात्र त्या भाषेला काम उरत नाही. पुस्तक मराठी, प्रश्न मराठी आणि शिक्षकही बहुधा मराठीभाषी. अशा वेळी मूल पुष्कळदा गप्प बसते. या मौनाचा अर्थ 'मूल बुजरे आहे' किंवा 'मूल मंद आहे' असा लावला जातो. तो कितपत ग्राह्य आहे, हे भाषाशास्त्राच्या अंगाने पाहणे उचित ठरेल.

कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती ऑस्ट्रो-आशियाई कुलाच्या मुंडा शाखेतील सर्वांत पश्चिमेकडची भाषा असून २०११ च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या सुमारे ७ लाख २७ हजार नोंदली गेली. तिच्यात नामांची मुख्य विभागणी सजीव व निर्जीव अशी आहे. मराठीतील तीन लिंगे आणि त्यांनुसार बदलणारी विशेषणे व क्रियापदे यांना त्या व्यवस्थेत जागा नाही. तेव्हा कोरकू मूल 'माझा वही' म्हणाले, तर त्या चुकीमागे एक सुसंगत व्याकरण उभे असते. उलटपक्षी, संस्कृतात असलेले व मराठीत लोपलेले द्विवचन कोरकूत आजही नांदते. श्रोत्याला सामावून घेणारे 'आपण' आणि त्याला वगळणारे 'आम्ही' हा भेदही तिच्यात आहे. हिंदीभाषी विद्यार्थ्याला जो भेद प्रयासाने शिकावा लागतो, त्याची जाण हे मूल घरूनच घेऊन येते. शिक्षकास एवढे ठाऊक असले, तरी चूक कोठे होईल आणि आधार कोठे मिळेल, हे त्याला आधीच उमगेल.

दुसरी भाषा कानी पडू लागली की काही काळ मूल केवळ ऐकते. हा श्रवणकाळ भाषासंपादनाच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्याच काळात लेखी चाचणी घेऊन मुलास 'अप्रगत' ठरविले, तर मापन होते ते मराठीच्या परिचयाचे, आणि निर्णय दिला जातो बुद्धीविषयी. अशा शिक्क्याचा परिणाम गुणपत्रिकेपुरता राहत नाही. जे मूल तहान लागली, पोट दुखते, कोणी मारले, एवढेही सांगू शकत नाही, त्याला शाळा सुरक्षित कशी वाटावी? आश्रमशाळेत तर मूल घरापासूनही दूर असते. तेथे भाषेचा प्रश्न हा सरळ स्वास्थ्याचा प्रश्न होतो.

यापुढची अडचण अधिक सूक्ष्म आहे. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये नित्य संभाषणाची भाषा आणि अध्ययनाची भाषा यांत भेद केला. पहिली तुलनेने लवकर अवगत होते. दुसरीला कित्येक वर्षे लागतात. म्हणूनच मैदानात मराठी बोलणारे मूल गणितातील शाब्दिक उदाहरणापाशी अडते, आणि 'मराठी तर येते, मग हे का येत नाही?' असा प्रश्न शिक्षकास पडतो.

तत्त्वतः या विषयात मतभेद थोडा आहे. युनेस्कोने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तज्ज्ञांच्या अहवालाने प्रारंभीचे शिक्षण मातृभाषेतून देण्याचा पुरस्कार केला. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला ३५० क हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी करण्यास सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही, व्यवहार्य असेल तेथवर, माध्यम मातृभाषा असावे असे म्हटले आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत घरभाषेचा आग्रह धरते. तथापि 'शक्य तेथे' या शब्दांची कक्षा किती, हे प्रत्यक्षात शिक्षकांची उपलब्धता ठरविते.

पालकांचा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. मुलाने मराठी शिकावे, पुढे इंग्रजीही शिकावी, ही त्यांची इच्छा रास्त आहे. नोकरी व कचेरी यांचे व्यवहार कोरकूत चालत नाहीत. परंतु घरभाषेतून आरंभ करणे म्हणजे मराठी नाकारणे नव्हे. वाचनाचे मर्म एका भाषेत उमगले की ते दुसरीत नव्याने शिकावे लागत नाही. केवळ नवे शब्द व नवी रचना शिकावी लागते. शिवाय कोरकू देवनागरीत लिहिता येत असल्याने लिपीचा दुहेरी भारही पडत नाही.

कोरकू जाणणारे शिक्षक पुरेसे मिळेतोवरही काही गोष्टी साध्य आहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्या साहाय्याने शंभर-दोनशे नित्योपयोगी शब्दांची सूची शिक्षकास करता येईल. पहिल्या वर्षीची तोंडी परीक्षा घरभाषेत घेता येईल. मुख्य म्हणजे, कोणत्याही मुलास 'अप्रगत' म्हणण्यापूर्वी त्याला प्रश्न त्याच्या भाषेत विचारला गेला होता काय, याची नोंद शाळेने ठेवावी.