माफ केलंस ना, मग पुन्हा तेच का?

समजा, विजापूर रोडवरचं एक घर. नवरा पुण्याला नोकरीला, आठवड्याच्या शेवटी रात्रीच्या हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरला यायचा. त्याचं बाहेरचं प्रकरण उघडं पडलं. रडारड झाली, माहेर-सासरची बैठक बसली. त्याने ते सगळं तोडलं, इथेच काम धरलं आणि दोघांनी नांदायचं ठरवलं. दोन वर्षं बरी गेली. मग एका रात्री पाहुण्यांना आणायला ती स्टेशनात जाते, हुतात्मा येत असल्याची घोषणा ऐकते आणि तिच्या पोटात गोळा येतो, हात गार पडतात. घरी आल्यावर भांडण. तो म्हणतो, "माफ केलंस ना? मग पुन्हा तेच का उकरून काढतेस?"

तिने मनापासून माफ केलेलं नाही, असं त्याला वाटतं. हा यातला सगळ्यात मोठा गैरसमज. माफ करायचं हे माणूस ठरवतो, पोटातला गोळा मात्र कुणी ठरवून आणत नाही. मेंदूतला अमिग्डला हा भाग धोक्याच्या वेळच्या खुणा जपून ठेवतो. आवाज, वास, तारीख, काहीही. तीच खूण पुन्हा समोर आली की विचार सुरू व्हायच्या आत छाती धडधडू लागते. यालाच समुपदेशक 'ट्रिगर' म्हणतात.

"मधे तर सगळं छान होतं, आता नाटक कशाला?" याचं उत्तर रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांकडे आहे. मेट्रोनोमच्या ठोक्यांमागोमाग खाणं मिळायचं, म्हणून नुसते ठोके ऐकले तरी त्यांना लाळ सुटायची. मग ठोके वाजवले पण खाणं दिलं नाही, असं बऱ्याचदा केलं आणि लाळ थांबली. काही वेळ जाऊ देऊन पुन्हा तेच ठोके वाजवले, तर लाळ परत आली. जुनी सांगड पुसली गेली नव्हती, तिच्यावर फक्त नवी बसली होती.

सोलापुरात तर तारखाही चुकवता येत नाहीत. त्याच्या फोनमधले मेसेज जर सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या, दिवसांत सापडले असतील, तर दर जानेवारीत पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी नंदीध्वज घेऊन निघाले की अख्खं गाव हरखतं आणि हिचा जीव घुसमटतो. त्यात संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा म्हणजे लग्नच, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी. लाखो हात अक्षता टाकत असताना आपल्या लग्नाचं काय झालं, हे आठवणारच. पण तारीख आधीपासून ठाऊक असते, हा फायदाही आहे. चार दिवस आधी त्यानेच विषय काढावा: "गड्डा आलाय, माझ्या लक्षात आहे. यंदा जायचं की नको?" चूक ज्याची, त्याने आधी बोललं की अर्धा भार हलका होतो. तिला एकटीने आठवण वाहावी लागत नाही.

वडीलधारी मात्र सांगतात, झालं गेलं गंगेला मिळालं, विषयच काढू नका. गंगा लांब राहिली, आपली भीमाही इतक्या लवकर काही वाहून नेत नाही. 1987 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. अस्वल काही त्यांच्या डोक्यातून जाईना, आणि बंदी उठल्यावर तर ते जास्तच येऊ लागलं. म्हणून बोलावं, पण वेळ ठरवून. किती दिवस चाललं, आता संपर्क आहे का, या प्रश्नांची खरी उत्तरं धीर देतात. शय्येवरचे बारीकसारीक तपशील मात्र नवी चित्रं देतात, म्हणजे नवे ट्रिगर.

भांडण पेटल्यावर 'शांत हो' म्हणून कुणी शांत होत नाही. नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की समोरच्याचं ऐकणंच जमत नाही, असं जोडप्यांचा अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात. निदान वीस मिनिटं थांबा, हा त्यांचा सल्ला. इथे एक मेख आहे. चप्पल घालून न बोलता बाहेर पडणं हा फसवल्या गेलेल्या माणसासाठी स्वतंत्र ट्रिगर असतो. कुठे चाललो आणि कधी येणार, हे सांगूनच उठावं.

फोनचा पासवर्ड मिळाला की प्रश्न मिटला, हाही भ्रम. आपणहून दाखवलेला फोन विश्वास वाढवतो, दिवसातून दहादा तपासलेला फोन संशय जागा ठेवतो. आणि पुरुष फसवला गेला तर? तो सहसा गप्प होतो, म्हणून त्याला सल नाही असं धरलं जातं. सल असतोच. पण सल आहे म्हणून हात उगारला, तर त्याला ट्रिगर म्हणायचं नाही, ती मारहाण आहे.

कायद्याबद्दलही घोळ आहे. 27 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेचं कलम 497 रद्द केलं, त्यामुळे व्यभिचार हा आता फौजदारी गुन्हा नाही. पण 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात तो घटस्फोटाचं कारण आहेच. माफ करून नांदायला लागल्यावर तेवढ्याच जुन्या कारणावर घटस्फोट मागता येत नाही. तरी हक्क कायमचा बुडतो असंही नाही. छळाच्या कारणावरून चाललेल्या दास्ताने खटल्यात 1975 मध्ये न्या. यशवंत चंद्रचूड यांनी लिहिलं की अशी माफी सशर्त असते, नवी आगळीक झाली की जुनी पुन्हा जिवंत होते.

रात्री-अपरात्री अगदीच असह्य झालं तर 14416 वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करता येतो, मराठीतही आणि फुकट. पुढच्या वेळी पाहुणे हुतात्माने येणार असतील, तेव्हा त्याने एवढंच विचारावं: "मी एकटा जाऊन आणू, का दोघं जाऊया?"