वटवट्याची ओळख : ध्वनीचे प्रमाण

हिवाळ्यात पुण्या-मुंबईच्या वस्त्यांतील झाडांवर उत्तरेकडून आलेला हिरवट वटवट्या नित्य दिसतो. त्याचाच सैबेरियाच्या पूर्व भागातील सगोत्र, दोन रेघांचा वटवट्या, हिवाळा मुख्यतः आग्नेय आशियात घालवितो. तो या वस्त्यांत आढळल्यास ती दुर्मीळ नोंद होय. या दोहोंतील भेद कसा ओळखावा? पहिल्याच्या पंखावर बहुधा एक फिकट रेघ असते, दुसऱ्याच्या दोन. परंतु पिसे झिजली की रेघाही पुसट होतात. मग कानाचेच प्रमाण मानावे लागते. पहिल्याची हाक द्व्यक्षरी, दुसऱ्याची बहुधा त्र्यक्षरी असते.

हा भेद केवळ हाकेपुरता नाही. तिबेटच्या पठाराभोवती या पक्ष्यांचे गीत प्रदेशागणिक थोडेथोडे पालटत जाते. मात्र मध्य सैबेरियात या साखळीची दोन टोके एकत्र येतात, तेव्हा तेथील पक्षी परस्परांचे गीत आपले मानीत नाहीत, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. बोलींच्या सलग पट्ट्यातही शेजाऱ्यास शेजारी समजतो, टोके मात्र परस्परांस दुरावतात.

म्हणून अशा नोंदीत पिसांच्या वर्णनाबरोबर हाकेतील अक्षरसंख्याही लिहिली पाहिजे. एरवी ती नोंद संशयास्पदच राहील.