पावती गरिबाची, कर्जमाफी बड्याची

जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी, म्हणजेच 'बीएचआर' मल्टिस्टेट पतसंस्थेच्या ठेवी बुडाल्या आणि संस्थापक प्रमोद रायसोनी यांना २०१५ मध्ये अटक झाली. त्याच वर्षी संस्थेवर अवसायक नेमला गेला. तपास यंत्रणेच्या आरोपानुसार खरा खेळ त्यानंतर रंगला.

युक्ती साधी होती. पैसे परत मिळण्याची आशा सोडलेल्या ठेवीदाराची पावती दलालाने निम्म्याहूनही कमी किमतीत घ्यायची. मग तीच पावती बड्या कर्जदाराच्या खात्यात पूर्ण दर्शनी किमतीला वळती करायची. कर्ज फिटले, तारण सुटले! नुकसान सोसले ते मुलीच्या लग्नासाठी किंवा म्हातारपणासाठी पैसे ठेवणाऱ्यांनी.

नोव्हेंबर २०२० मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे घातले. जून २०२१ मध्ये बडे कर्जदार अटकेत गेले आणि खुद्द अवसायकही इंदूरमध्ये सापडला.

लक्ष ठेवायचे कोणी? मल्टिस्टेट पतसंस्थेची नोंदणी दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाकडे असते. ती रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालत नाही. बँकेतल्या ठेवींना मिळणारे ५ लाखांपर्यंतचे विमासंरक्षणही तिथे नाही. हाताशी उरतो तो महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, म्हणजे 'एमपीआयडी'. त्याखाली मालमत्ता जप्त होते, पण पैसे हाती पडेपर्यंत वर्षे जातात.

परवानाधारक बँकांचेही फार बिघडते असे नाही. मेक्सिकोतील अमली पदार्थ टोळ्यांचा पैसा फिरू दिल्याबद्दल 'एचएसबीसी'ने २०१२ मध्ये अमेरिकेत सुमारे १९० कोटी डॉलर भरले. तुरुंगात मात्र तिचा एकही वरिष्ठ अधिकारी गेला नाही.